काळ्या पाण्याचीं छायाचित्रें

चंद्रपूर जिल्ह्यांतल्या माणसाची समुद्राशीं ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच व्हावयाची. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांना शिकविलें कीं, वर्धा नदी वैनगंगेला मिळून तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास जाते. परंतु ज्या पाण्याचा शेवट आम्ही असा छातीठोकपणें सांगत होतों, तें पाणी आम्हीं स्वतः पाहिलें नव्हतें.

बेट मात्र पाहिलेलें होतें. आमच्या भद्रावतीस, जुन्या लोकांच्या तोंडीं भांदकास, डोलारा नांवाचा तलाव आहे. त्याच्या मध्यें एक लहानसें बेट असून त्यावर जावयास फार प्राचीन दगडी पूल आहे. दगडी खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या शिळा, अशी त्याची रचना. लहानपणीं वडीलबंधूंचें बोट धरून आम्ही त्या पुलावरून गेलों, आणि बेट म्हणजे काय हें पुस्तकाआधीं त्यांनींच आम्हांस तेथें उभें राहून शिकविलें.

हे आमचे दादा आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या डोळ्यांस काचबिंदूनें घेरलें आहे. या रोगांत दृष्टि कडेकडून आंखडत येते. मधलें तेवढें दिसत राहतें, आणि गेलेली दृष्टि कोणत्याहि औषधानें परत येत नाहीं. थेंब घालून उरलेली राखावयाची, एवढेंच डॉक्टरांच्या हातीं असतें. गेल्या दिवाळींत ओसरीवर बसले असतां ते सहज म्हणाले, "अरे, समुद्र तेवढा पाहावयाचा राहिला." त्यांना प्रवास झेपण्यासारखा नव्हता. तेव्हां आम्हीं जावें आणि समुद्र चित्रांत धरून आणावा, असें घरांत ठरलें. चिरंजीवांनीं अंदमानचीं तिकिटें काढलीं व थोरल्या नातीनें आपला कॅमेरा आमच्या गळ्यांत अडकविला.

आमचे आजोबा असते तर कलिवर्ज्य प्रकरण उघडून बसले असते. समुद्रयात्रा केलेल्या द्विजाचा स्वीकार करूं नये, असें निबंधकार सांगतात. तें प्रकरण आम्हीं वाचलें आहे आणि तरीहि गेलों, एवढें सांगून पुढें जातों.

बल्लारशाहून चेन्नई आगगाडीनें आणि तेथून आगबोटीनें. हें अंतर सुमारें बाराशें किलोमीटर असून त्यास अडीच दिवस लागतात. विमानानें दोन अडीच तासांत पोंचतां येतें. पण दादांस समुद्र दाखवावयाचा तर तो वरून पाहून कसें चालेल? मार्गशीर्षाचे दिवस, ईशान्येचा वारा. पहिला दिवस आमचा आडवें पडण्यांतच गेला. त्याचें वर्णन वाचकांस सुखावह होणार नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं वरच्या मजल्यावर आलों व कॅमेरा डोळ्यांस लावला, तों सर्वत्र धुकें! वास्तविक आकाश स्वच्छ होतें. थंड केलेल्या खोलींतून एकदम दमट हवेंत आणल्यामुळें भिंगावर बाष्प धरलें होतें, असें नातीनें समजाविलें. तें आपोआप जाईपर्यंत स्वस्थ बसावें, पुसूं नये. त्यानंतर आम्हीं शंभरावर चित्रें घेतलीं. सगळीकडे पाणीच पाणी, आणि क्षितिज प्रत्येकांत कलंडलेलें. नात म्हणाली, "आजोबा, तुमचा समुद्र सांडतो आहे!" जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या रेघा सरळ करण्यांत घालविलेल्या माणसास हें ऐकावें लागलें.

तिसरे दिवशीं दूर एक हिरवा ठिपका दिसला. आम्हीं घाईघाईनें चित्र घेतलें. तें पाहून नातीनें मान हलविली. बेट फार लहान आलें होतें. तिच्या मतें पुढें कठडा किंवा होडी असें कांहीं असल्यावांचून अशा चित्रांत जीव येत नाहीं. तें पुसून टाकण्याचें ठरलें, पण राहून गेलें.

पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात. तेथें पहिल्याच संध्याकाळीं आमची फजिति झाली. सूर्यास्ताचें चित्र घ्यावें म्हणून घरच्या हिशेबानें सहाच्या सुमारास किनाऱ्यावर गेलों, तों अंधार पडलेला. भद्रावती 79 रेखांशावर, हें गांव जवळजवळ 93 वर. अंशास चार मिनिटें धरलीं तर पाऊण तासाहून अधिक फरक, आणि घड्याळ मात्र सर्व देशास एकच. हें गणित आम्हीं फळ्यावर किती वेळां सोडविलें असेल!

पांढऱ्या वाळूचीं चित्रें पहिल्यांदा राखेसारखीं आलीं. यंत्रास शुभ्र वाळू म्हणजे अति उजेड वाटतो व तें उजेड कमी करतें. म्हणून आपण होऊन थोडा वाढवावा लागतो. पाण्याचे निळे-हिरवे रंगहि सकाळच्या तिरप्या उन्हांत येत नाहींत. सूर्य वर चढला म्हणजे किरण तळापर्यंत पोंचतात आणि प्रवाळ दिसूं लागतें. वीस रुपयांच्या जुन्या तांबूस नोटेच्या पाठीवर नारळींच्या आडून दीपगृह दिसतें, तो देखावा येथलाच. नोट हातांत धरून तो जुळवून पाहण्यांत आमचा एक सबंध प्रहर गेला, आणि तो फुकट गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

तुरुंग पाहिला. 1896 ते 1906 या काळांत तो बांधला. मूळच्या सात इमारतींपैकीं तीन उरल्या आहेत, आणि 1979 पासून तें राष्ट्रीय स्मारक आहे. विनायकराव सावरकर येथें 1911 ते 1921 पर्यंत होते. त्यांचे वडीलबंधु बाबाराव हेहि याच तुरुंगांत होते. कोठडींत उंचावर एकच झरोका. कॅमेरा उचलला, पण दोन भावांचीं तीं वर्षें त्यांत कोठें मावणार? तो खालीं ठेवून आम्ही थोडा वेळ नुसते उभे राहिलों.

या बेटांवर चित्रें काढणारे आम्ही पहिले नव्हों. 1857 च्या अखेरीस डॉ. मोअट यांच्या मंडळाबरोबर मॅलिट नांवाचा छायाचित्रकार कलकत्त्याहून आला होता. पुढें पोर्टमन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें अंदमानी लोकांस चौकटी आंखलेल्या पडद्यापुढें उभें करून, मापें घेऊन, चित्रें काढलीं. आतां जारवांच्या राखीव रानांतून रस्ता जातो, पण तेथें त्यांचें छायाचित्र घेणें हा गुन्हा आहे. आम्ही त्या रस्त्यानें गेलोंच नाहीं. कोणी न विचारतां आपल्या ओसरीवर येऊन आपल्या लेकीसुनांचीं चित्रें काढूं लागला, तर आपण तें खपवून घेऊं काय?

घरीं परतल्यावर नातीनें उत्तम बारा चित्रें निवडून चांगलीं हातभर मोठीं छापून आणलीं. सर्व मंडळी ओसरीवर जमली. दादांनीं पहिलें चित्र डोळ्यांजवळ नेलें, खालींवर सरकविलें, आणि म्हणाले, "हें काय, निळें कापड?" दुसऱ्यांत त्यांना वाळू दिसली, तिसऱ्यांत नारळाचा बुंधा. फुंकणींतून पाहावें तसें त्यांना दिसतें, हें ठाऊक असून आमच्या कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. चित्र जितकें मोठें, तितका त्याचा थोडा भाग त्यांच्या वांट्यास येत होता. धाकटी सूनबाई डोळे पुसत आंत गेली.

नात मात्र उठली आणि लहान चित्रांचें पाकीट घेऊन आली. त्यांत तें टाकाऊ ठरलेलें तिसऱ्या दिवसाचें चित्र होतें. दादांनीं तें हात लांब करून धरलें. भोंवतीं करडें पाणी, मध्यें बोराएवढें बेट. बराच वेळ ते बोलले नाहींत.

"सांपडलें," ते म्हणाले. "चारी बाजूंनीं पाणी. हेंच ना?"

"हेंच, दादा."

"अरे, पण ह्याला पूल नाहीं रे. मग माणसें जातात कशीं?"

आम्ही त्यांच्याजवळ सरकलों आणि बल्लारशाहच्या आगगाडीपासून सगळी हकीकत सांगूं लागलों. तें चित्र त्यांनीं हातांतून खालीं ठेविलें नाहीं.