मोटूला मिशी आली हो!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला! मी मोटू केलाय! तोच, टीव्हीवरचा, समोसे हाणणारा! लाल कुर्ता, गोल पोट, काळीभोर मिशी! आणि तो मी केलाय, मी! जिला ब्लाउजचं हूक लावायलाही टेलर लागतो!

भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी फेल्ट हवं होतं म्हणून आमच्या मध्य प्रदेशातल्या टोंकखुर्दच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, वो प्रोजेक्टवाली शीट ना?" आणि लाल, पिवळा, निळा असा गठ्ठाच समोर टाकला, आणि मग घरी येऊन मी सहज एक कोपरा कापला, आणि मग बघते तर काय, दशा सुटल्याच नाहीत! एकही दोरा नाही! कड दुमडा नको, ओव्हरलॉक नको. कात्री फिरली की कड तयार! का, माहितीये? हे विणलेलंच नाही! ना उभा धागा, ना आडवा! नुसते तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले. बाजारातलं स्वस्त फेल्ट बहुतेक पॉलिस्टरचं, काटेरी सुया टोचटोचून केलेलं. पण मूळचं लोकरीचं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, लोकर गरम पाण्यात साबण लावून रगडली की तंतू एकमेकांना असे धरतात की सुटायचं नाव नाही! म्हणजे आपला नमदाच की हो! आणि नमद्यासाठी नावाजलेलं गाव कुठलं? टोंक! पण ते राजस्थानातलं. आमचं टोंकखुर्द सोयाबीनवालं. असू दे! नावात टोंक आहे ना, मी तेवढ्यावरही खूश!

मला यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते. आमच्याच राज्यातल्या झाबुआत आदिवासी बाहुल्या करतात, त्या कलेसाठी रमेश आणि शांती परमार या जोडप्याला २०२३ साली पद्मश्री मिळाली. ती खरी माणसं! मी आपली जुन्या वर्तमानपत्रावर पेल्याने गोल काढणारी. पण तुम्ही याच! धरा हा कागद. डोकं एक गोल, पोट एक मोठा गोल, हातपाय लांबोडके. फेल्ट दुहेरी घ्या, टाचण्या लावा, कापा. मग भरतकामाच्या दोऱ्याच्या दोन पदरांनी कडेकडेने ब्लँकेट टाका घाला. धागा प्रत्येक टाक्याला कडेवर वळसा घेतो आणि कशी सुरेख किनार उमटत जाते! आपोआप! बगलेपाशी दोन बोटं जागा सोडा, तिथून कापूस सारा, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कोपऱ्यापर्यंत ढकला. कंजुषी नको, नाहीतर मान लुळी पडते!

आणि आता डोळे! डोळ्यांना दोन काळे मणी. पण शिवू नका, थांबा! नुसते ठेवून बघा. जवळ सरकवले की मोटू भाबडा. लांब नेले की बावळट. जरा वर नेले की काहीतरी लबाडी करून आलाय! तोच गोल, तेच मणी! आणि मग मिशी. काळ्या फेल्टचा एवढासा तुकडा, टोकं वर केली की खुशीत, खाली केली की समोसे संपले! मी एकटीच हसत बसले होते, घरच्यांनी येऊन बघितलं, काय झालं म्हणून! आणि मग मी त्याला समोसाही केला! त्रिकोणी! नखाएवढा! कापूस भरून!

मोटू झाला म्हणजे त्याचा जोडीदार पतलू आलाच. साचा तोच, फक्त पोट कापायचं. पतलूचं बिनमिशीचं, बिनचष्म्याचं बाहुलं टेबलावर पडलं होतं, आणि सासूबाई (मूळच्या दादरच्या) चहा घेता घेता म्हणाल्या, "याला काळी टोपी घाल. कोट घाल." घातला. "टोपी जरा मागे सरकव." सरकवली. आणि मग दोघी एकदम ओरडलो. चिमणराव! मुंबई दूरदर्शनवरचा, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव! आणि शेजारी मोटूचं पोट तयार होतंच, म्हणजे गुंड्याभाऊ, बाळ कर्व्यांचा! एक जाडा, एक काटकुळा, जोडी तीच! फक्त हातातला समोसा काढून सोटा दिला! ही जोडी लिहिणाऱ्या चि. वि. जोशींनी बरीच वर्षं बडोद्यात नोकरी केली, म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर राहिलेले मराठी. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना त्याचं काही नाही, त्यांचं एकच, "काऊ कुठेय?"

काऊ! बरोबरच आहे! बायकोशिवाय चिमणराव कसला! आणि काऊ म्हणजे नऊवारी, नऊवारी म्हणजे काष्टा, आणि फेल्टला निऱ्या पडत नाहीत हो, ते उभंच राहतं ताठ! मग काष्टा वेगळा कापून मागे चिकटवायचा? की निऱ्यांच्या नुसत्या पट्ट्या शिवायच्या? मला काय माहीत! पण हिरवं फेल्ट संपलंय आणि दुकान आत्ता बंद होईल, तेव्हा चपला घाला, चला!