कासच्या पठारावरची शिकवणी

गेल्या खरिपात मी काढलेल्या अंधुक फोटोवरून सोयाबीनचा तांबेरा ओळखता आला नाही. फवारणीला उशीर झाला. ती रुखरुख मनात घेऊन साताऱ्यातील एका जुन्या छायाचित्रकारांकडे शिकवणी धरली.

सप्टेंबरात त्यांनी कास पठारावर नेले. 2012 साली जागतिक वारसा यादीत आलेले हे पठार. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर आणि गुलाबी तेरडा. मी उभ्यानेच कॅमेरा रोखला. ते म्हणाले, "साहेब, पायवाटेवरच बसा. फुलाच्या उंचीला या. ऊन बाजूने घ्या, श्वास रोखा, मग बटण दाबा." तेव्हा कुठे इवलीशी सीतेची आसवे स्वच्छ उमटली.

परतताना एका बांधावर बसून सोयाबीनचे पान उलटले. तांबेऱ्याचे फोड बहुधा पानाच्या खालच्या बाजूलाच असतात!

शेतकरी बंधु-भगिनींनो, आजारी पिकाचा फोटो असाच काढा: बसून, पान उलटून, जवळून.