नानांची केवायसी

नाना माझे सासरे. साताऱ्यात राहतात, शाळेतून निवृत्त झाले. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली, पण फोन ते स्वतः वापरतात. टॉकबॅक चालू असलं की बोट फिरेल तसा फोन वाचून दाखवतो. लाइट बिल भरायला त्यांना आम्ही लागत नाही.

पावसाळ्यात बँकेचा मेसेज आला, केवायसी करा, नाहीतर व्यवहार थांबतील. नानांनी अ‍ॅप उघडलं. टॉकबॅक नुसतं ‘बटन, बटन’ म्हणत राहिलं, कारण बटनांना नावंच दिलेली नव्हती. मी शेजारी बसून सांगत गेले. पुढे कॅप्चा. चित्रातली अक्षरं टॉकबॅकने वाचली नाहीत, आवाजाचा पर्याय नव्हता. तो मी भरला. मग व्हिडिओ कॉल. चेहरा गोलात धरा, डोळ्यांची उघडझाप करा. गोल कुठे आहे ते नानांना कसं कळणार? मी ‘थोडं डावीकडे’ म्हणाले, तर दुसऱ्याचा आवाज चालत नाही म्हणून पलीकडच्या अधिकाऱ्याने कॉल बंद केला. नाना त्या रात्री जेवताना बोलले नाहीत. मलाही जेवण गेलं नाही.

शाखेत गेलो. तिथे सल्ला मिळाला, ‘मुलाला जॉइंट करून टाका.’ नाना म्हणाले, ‘खातं माझं आहे.’

मार्ग सापडला तो नानांच्या ओळखीच्या एका अंध शिक्षकांमुळे. ते म्हणाले, केवायसी नव्याने करताना पत्ता वगैरे काही बदललेलं नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तसं स्वतः लिहून दिलं की पुरतं. बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून किंवा पत्रानेही चालतं. व्हिडिओची गरज नाही. हे शाखेत कुणीच सांगितलं नव्हतं. नानांनी मराठीत बोलून ईमेल टाइप केली, टॉकबॅककडून ऐकून घेतली आणि स्वतः पाठवली. काम झालं.

पण त्यांना तक्रारही करायची होती. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडहल्ला झालेल्या व्यक्तींच्या आणि एका अंध वकिलांच्या याचिकांवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि डोळ्यांची उघडझाप न करता ओळख पटवण्याचे पर्याय हवेत, असं त्यात आहे. नानांनी बँकेकडच्या तक्रारीत त्याचा उल्लेख केला.

तक्रारीत नेमकं लिहा: फोन कोणता, अ‍ॅपची आवृत्ती कोणती, कोणत्या पडद्यावर अडलं, टॉकबॅक काय बोललं. जमलं तर आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. नुसतं ‘अ‍ॅप चालत नाही’ लिहिलं की ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ एवढंच उत्तर येतं. ३० दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत बटनांना नावं आली आहेत. कॅप्चा अजून चित्राचाच आहे. त्याची तक्रार नानांनी लोकपालाकडे पाठवली आहे.