पातळ काळजाची पोळी

आपण मराठी माणसे परदेशी निघालो की जाताना चिवडा-लाडू नेतो आणि येताना चॉकलेटे आणतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मी तुर्कस्तानातून परतले ती पोळ्या घेऊन. मोजून बारा पोळ्या, आणि त्याही आठ दिवसांच्या शिळ्या! मुंबईच्या विमानतळावर एका गृहस्थाने माझे बोचके उलगडले आणि आतल्या एका पोळीवर टिचकी मारली. ती कडकडीत वाजली.

"पापड का?"

"नाही, पोळ्या."

त्याने माझ्याकडे अशा काही कणवेने पाहिले, की 'बाई, घरच्यांचे कसे होते हो?' हे त्याला वेगळे विचारावे लागले नाही. माझ्या पोळ्या तशाच होतात हे खरे आहे. पण या माझ्या नव्हत्या.

मी गेले होते कोन्याला. मौलाना रूमी तिथे १२७३ साली निवर्तले आणि इकडे ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. मध्ये सतराच वर्षे! एवढ्या भांडवलावर मी महाविद्यालयात रजा मागितली आणि नवल म्हणजे ती मिळाली. कोन्यात मौलानांच्या समाधीवरचा तो हिरवट-निळा मनोरा पाहिला, हात जोडले. त्याविषयी माझ्याहून अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढच्या मुक्कामाचे.

कोन्याहून अक्सरायकडे जाणारा रस्ता सपाट, पोळपाटासारखा. दोन्ही अंगांना कापणी झालेली गव्हाची राने. वाटेत सुलतानहानी इथे १२२९ सालची व्यापाऱ्यांची जंगी सराई लागते. उंटांच्या तांड्यांनी तिथे उतरावे, विसावा घ्यावा, पुढे जावे. आम्हीही तेच केले. संध्याकाळी एका खेड्यात पोहोचलो आणि एका बाईंच्या घरी उतरलो. त्यांना सगळा गाव 'तेयझे' म्हणत होता. त्यांची भाची महाविद्यालयात इंग्रजी शिकत होती. आमच्या दोघींमधला पूल तीच. तिने सांगितले, तेयझे म्हणजे आईची बहीण. वडिलांची बहीण ती 'हाला'. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इंग्रजाला मावशी आणि आत्या यांतला फरक कधी कळला नाही. तो इथे अनातोलियाच्या माळावर जसाच्या तसा सापडला. शिवाय आपण नाही का, नात्यात नसलेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मावशी म्हणतो? तेही तसेच. तेव्हा मीही त्यांना मावशीच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून धुराचा वास आला. पडवीत तीन बायका बसल्या होत्या. मध्ये चूल, चुलीवर उपडा घातलेला लोखंडी तवा, कासवाच्या पाठीसारखा फुगीर. जाळ होता गोवऱ्यांचा आणि द्राक्षवेलीच्या वाळक्या काटक्यांचा. थंडीच्या आधी घरोघरी हिवाळ्याची भाकरी भाजून ठेवायची असते, त्याचा तो दिवस होता. 'कोलाय गेलसिन' म्हणजे 'काम सोपे होवो'. राबणाऱ्या माणसाला वाटेने जाताना म्हणायचे हे शब्द मी आमच्या गाडीवानाकडून शिकले होते. ते म्हटले. तिन्ही तोंडे हसली आणि मला बसायला एक उशी मिळाली.

या भाकरीचे नाव युफ्का. कणीक, पाणी आणि मीठ. चौथा जिन्नस नाही. आंबवणे नाही, तेल नाही, तूप नाही. घट्ट मळून, ओल्या फडक्याखाली मुरवून तिचे गोळे करायचे. एक बाई गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. लाटण्याची तऱ्हा मात्र आपल्याकडे नाही. आपले लाटणे पोटाशी जाड, आणि त्याच्याखाली पोळी आपली आपण फिरते. तिथले लाटणे, 'ओक्लावा' त्याचे नाव, बोटाएवढी जाड आणि हातभराहून लांब अशी सरळ काठी. पोळी थोडी पसरली की ती त्या काठीभोवतीच गुंडाळायची, दोन्ही तळहात मधून कडांकडे सरकवीत काठी पुढेमागे लोळवायची, पोळी उलगडायची, वर पिठी भुरभुरायची, थोडी वळवून पुन्हा गुंडाळायची. बघता बघता बुटक्या गोल पाटावर ती पाटाएवढी होते आणि खालच्या लाकडाच्या रेषा तिच्यातून दिसू लागतात. मग काठीवर घेऊनच ती तव्यापर्यंत जाते. भाजणारीच्या हातात चपटी लांब पट्टी. एक बाजू, दुसरी बाजू, अर्ध्या मिनिटाचा मामला. वर तपकिरी ठिपके उठले की उतरवायची.

तव्याचे नाव ऐकून मी हसले. 'साज' म्हणतात त्याला. उलट 'तावा' हा शब्द तुर्कीतही आहे, पण तो त्यांच्याकडे तळणीच्या भांड्याला चिकटला आहे. फारसीतून निघालेला एकच शब्द पूर्वेला आला तो पोळीखाली गेला, पश्चिमेला गेला तो तेलाखाली! उपडा तवा पाहून मला आपल्या खानदेशातले मांडे आठवले. तेही उपड्या खापरावरच. तिकडे मात्र लाटणे नाही. हातावर झेलत झेलत वाढवतात आणि पोटात पुरण असते. युफ्काच्या पोटात काही नाही. ती सुकवून चळत रचतात, फडक्याने झाकून कोरड्या जागी ठेवतात, आणि ती महिनोन् महिने टिकते. खायच्या आधी पाण्याचा हबका मारून फडक्यात गुंडाळून ठेवायची. पाव तासात रुमालासारखी मऊ! आत चीज, कांदा, कोथिंबिरीच्या जातीची कसलीशी पाने घालून सुरळी करायची. पहिल्या दोन-चार गरम गरम सुरळ्या पोरांच्या हातात गेल्या, पाचवी माझ्या.

'युफ्का' या शब्दाचे मूळ पाहायला मी अर्थात भाचीलाच छळले. शब्द जुना आहे. महमूद काशगरीने १०७२ च्या सुमारास बगदादेत बसून तुर्की बोलींचा मोठा कोश रचला, त्यात या पातळ भाकरीचा शब्द आहे. आणि भाचीने एक वाक्प्रचार सांगितला, तो मी वहीत लिहून घेतला. हळव्या माणसाला तुर्कीत म्हणतात 'युफ्का युरेक्ली'. ज्याचे काळीज युफ्कासारखे पातळ तो.

मग व्हायचे ते झाले. मावशींनी काठी माझ्यापुढे धरली. मी गोळा घेतला. पहिल्याच वेढ्याला पोळी काठीला चिकटली, सोडवायला गेले तर फाटली. दुसरी तीन कोनांची झाली. बायका मनापासून हसल्या. मग मावशींनी भाचीकरवी मला विचारले, "तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

हा प्रश्न मला आयुष्यभर कुणी ना कुणी विचारीत आले आहे. सासरी विचारला गेला, शेजारी विचारला गेला. मी दर वेळी काहीतरी थट्टेवारी नेली. खरे उत्तर देण्याची लाज वाटे. गिरगावातल्या आमच्या चाळीत आई मजुरीवर पापड लाटायची. सकाळी उडदाच्या पिठाचा गोळा घरी आणायचा, दिवसभर लाटायचे, गॅलरीत वाळवायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे. किलोमागे जे मिळेल ते. माझ्या शाळेची फी, एम. ए. ची पुस्तके, सगळे त्या लाटण्याखालून आले. आणि मी कधी मदतीला बसायला गेले, की ती माझ्या हातातून लाटणे काढून घ्यायची. "एकदा हात बसला की सुटायचा नाही. ऊठ, अभ्यासाला बस." इतर घरांतल्या मुली आयांशेजारी लाटायला बसत. मी दाराआड पुस्तक घेऊन बसे आणि लाटण्याचा तो खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने वाची. मैत्रिणींना मी सांगितले होते की आई घरच्यासाठीच पापड करते. रोज!

त्या परक्या पडवीत, दोन भाषांच्या आडोशाला, मी पहिल्यांदा खरे बोलले. "आईला फार चांगलं येत होतं, म्हणून तिने मला शिकवलं नाही."

भाचीने ते तुर्कीत सांगितले. सांगता सांगता तिचाच आवाज बदलला. मावशी काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या, मग भाचीकडे, आणि हातातल्या काठीने तिला हळूच टोचून काहीतरी पुटपुटल्या. काय म्हणाल्या, विचारले. भाची म्हणाली, "मलाही येत नाही. मला इथे बसू देत नाहीत."

शेजारणींनी एकमेकींच्या घरी जाऊन पाळीपाळीने असे काम करायचे, याला तिथे 'इमेजे' म्हणतात. आपल्याकडची सावड किंवा इर्जिकच ती. २०१६ साली युनेस्कोने अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांची ही पातळ भाकरी करण्याची आणि वाटून खाण्याची रीत मानवजातीच्या वारशात नोंदवली. चांगलेच झाले. परंतु नोंदवहीत धूर येत नाही. सहा तास मांडी घालून बसल्यावर तिन्ही बायका भिंतीला धरून उठल्या, तेही मी पाहिले. शहरात आता युफ्का विकणारी दुकाने आहेत. ज्यांना परवडते त्या तिथून घेतात, आणि त्यांनी का घेऊ नये?

निघताना मावशींनी बारा पोळ्या दिल्या. तव्यावरून उतरताच, मऊ असतानाच चौघडी घालून मग वाळवलेल्या, म्हणून त्या बॅगेत मावल्या. "आईला," एवढेच म्हणाल्या. मी 'एलिनिझे साअलिक' म्हटले. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असे तिथे करणाऱ्या बाईला म्हणतात. आईला मी असे कुठल्याच भाषेत कधी म्हटले नव्हते.

आई आता शहात्तरची आहे आणि आमच्याकडेच असते. पाण्याचा हबका मारून मी पोळी उलगडली, तेव्हा तिने ती आधी खाल्ली नाही. खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"कड जाड नाही कुठं," ती म्हणाली. "कसबी बाई आहे."

पुढच्या रविवारी आम्ही घाट घातला. पाव किलो कणीक, पाव किलो मैदा, दीड चमचा मीठ, तीनशे मिलिलिटरच्या आसपास कोमट पाणी; पीठ पोळ्यांपेक्षा घट्ट हवे. अर्धा-पाऊण तास झाकून ठेवून दहा गोळे. काठीसाठी आमच्या ह्यांनी पडद्याचा एक जुना लाकडी दांडा कापून, घासून गुळगुळीत करून दिला (रंग किंवा रोगण लावलेला दांडा घेऊ नये). तवा म्हणून लोखंडी कढई गॅसवर उपडी घातली. ती पुरती तापेपर्यंत धीर धरावा, नाहीतर पोळी भाजायच्या आधी वाळते. मी एकटीनेच सगळे करायचे ठरवले होते. लाटत होते तोवर कढई धुरावली, कढईकडे धावले तोवर पाटावरची पोळी चिकटली. तीन बायका का लागतात ते चौथ्या पोळीला कळले.

आई खुर्चीत बसून बघत होती. पाचव्या पोळीला ती म्हणाली, "सरक." तिच्यासाठी पाट टेबलावर मांडला. तिने तो दांडा हातात तोलून पाहिला, नाक मुरडले, गोळा दाबला. पहिली बिघडली. दुसरी गुंडाळताना तिचे तळहात आपसूक मधून कडेला सरकू लागले. मी तिला ते सांगितले नव्हते. मी कढईपाशी गेले, आणि ह्यांना गोळे करायला बसवले.

तिसरी पोळी दांड्यावरून माझ्याकडे देता देता आईने विचारले, "तिथं किलोला काय देतात गं त्यांना?"

"काही नाही. विकायला नसतात त्या. घरच्यासाठीच करतात."

आई थांबली.

"एवढं पातळ," ती म्हणाली, "नुसतं घरी खायला?"

आणि पुढचा गोळा तिने मोठा घेतला.