वहीतला जेट

आम्ही दोघे भाऊ. दोघेही मराठीचे प्राध्यापक, यंत्रविद्येत अडाणी. तरी वडिलांची १९६७ सालची फियाट विकण्याचे धैर्य आम्हांपाशी नाही. कार्ब्युरेटरच्या जेटचा नंबर त्यांच्या वहीत अधोरेखित आहे. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिशाविना झडपांची बैठक झिजेल म्हणून त्यांनी कठीण धातूच्या सीट बसवून घेतल्या, हीही नोंद त्यातच.

२०२५च्या पावसाळ्यात अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळू लागली. कार्ब्युरेटरमधून फटाके वाजत. मिस्त्रींनी पेट्रोलचा रबरी पाइप काढून दाखवला: फुगून मऊ पडलेला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. ते स्वतःसोबत प्राणवायू आणते. म्हणून जुन्या जेटमधून येणारे तेवढेच इंधन हवेच्या मानाने अपुरे पडते. नव्या गाड्यांत सेन्सर आणि संगणक हे सावरून घेतात.

"जेट मोठा घाला, सर."

"बाबांचा नंबर आहे तो," धाकटा एकदम म्हणाला. वर्गात पाठभेद शिकवताना आम्ही मूळ प्रतीचा असाच कैवार घेतो. पण तिथे प्रत रस्त्यात बंद पडत नाही!

अखेर पाइप बदलला, जेट एक नंबर मोठा बसवला, आयडलिंग नव्याने लावले. फटाके थांबले. जुना जेट औषधाच्या रिकाम्या बाटलीत आहे. वहीत, बाबांच्या आकड्याखाली, धाकट्याने नवा नंबर लिहिला, पेन्सिलीने.