सुट्टीचा वार शरीराला कळत नाही

"डॉक्टर, तुम्ही रविवारी काय करता हो?" असं पेशंट अधूनमधून विचारतात. मी पहाटे पाचला उठून दहा किलोमीटर पळत असेन आणि मग वाटीभर मोड आलेले मूग खात असेन, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं काही नाही. मी पंखे पुसतो, बाजारात जातो, मित्रांबरोबर कॅरम खेळतो आणि रात्री सिनेमा बघतो. तुमच्यासारखंच. फरक एवढाच की काही गोष्टींची वेळ मी सुट्टीतही हलू देत नाही. त्या कोणत्या आणि का, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट उठण्याची. रोज रात्री अकरा ते सकाळी सहा झोपणारा माणूस सुट्टीत एकला झोपून नऊला उठतो. रोज त्याच्या झोपेचा मध्य अडीचला येतो, सुट्टीत पाचला. म्हणजे अडीच तासांचा फरक. भारत आणि मॉस्को यांच्या घड्याळांत नेमका एवढाच फरक आहे. तिकीट न काढता दर शुक्रवारी रात्री मॉस्कोला जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, असा हा प्रकार. टिल रोनेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याला 'सोशल जेट लॅग' असं नाव दिलं. सोमवारी सकाळी डोकं जड, पोट साफ नाही, चिडचिड, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी रविवारी किती वाजता उठलात ते विचारतो. तासभर जास्त झोपा, काही बिघडत नाही. झोप राहिलीच असेल तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटं आडवे व्हा.

सुट्टीतल्या डोकेदुखीला आणखी एक साधं कारण असतं, ते म्हणजे चहा. रोज सहाला चहा लागतो आणि रविवारी तो दहाला मिळतो. आदल्या संध्याकाळच्या कपाला तोवर पंधरा-सोळा तास झालेले असतात. कॅफिनची सवय असलेल्यांचं डोकं शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत दुखू लागतं. गोळी घेण्याआधी चहा झाला का, ते आठवून बघा.

आता घरकाम. "व्यायामाला वेळ नाही" म्हणणाऱ्यांना मी फरशी पुसायला सांगतो. ते हसतात, पण मी थट्टा करत नसतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. पूर्वी ती सलग किमान दहा मिनिटं असावी, अशी अट होती. 2020 च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की ते मध्यम श्रम. जोर लावून झाडलोट केली, फरशी पुसली की एवढी धाप सहज लागते. गुडघे दुखत असतील तर खाली बसू नका, दांड्याचा पोछा घ्या.

पंख्यांबद्दल मात्र एक सूचना. मान वर करून हात उंच धरल्यावर काही जणांना गरगरतं, विशेषतः ज्यांना आधी कधी चक्करचा त्रास झालेला आहे त्यांना. अशांनी शिडीवर चढू नये. आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर तर कोणीच नको. मनगटाचं फ्रॅक्चर घेऊन येणाऱ्यांकडून "जरा पंखा पुसत होतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं मीच सांगतो. संडास-बाथरूम धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार बंद असेल तर श्वास कोंडतो.

खरं म्हणजे आज मला लिहायचं होतं ते एका काकूंबद्दल. त्यांना मधुमेह आहे. रोज आठला गोळी आणि लगेच नाश्ता, शुगर उत्तम. पण रविवारी घर उशिरा उठतं. मग सगळ्यांसाठी कांदेपोहे, दोघांना परत चहा, पाहुणे आलेच तर शिरा. काकू गोळी मात्र वेळेवर आठलाच घेतात आणि स्वतः खायला बसतात अकराला. साडेदहाच्या सुमारास त्यांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. घरातले म्हणायचे, "दमलीस, जरा पड." आणि त्या खरंच जाऊन पडायच्या. अशा वेळी उपाशी पडून राहणं हीच धोक्याची गोष्ट. एका रविवारी मुलीने ग्लुकोमीटर लावला. आकडा आला 58.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन, पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतात. नुसत्या मेटफॉर्मिनने असं क्वचित होतं. तुमची गोळी कोणती, हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. शुगर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, तरी कमीच असेल तर पुन्हा साखर घ्या. ती वर आली की मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

मी काकूंना विचारलं, "तुम्हाला सुट्टी कधी असते?" त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही. रविवारची सुट्टी आपल्याला आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा 1890 मध्ये ती मंजूर झाली. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, पण बऱ्याच घरांत ती अजून स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली नाही. काकूंच्या घरी आता रविवारचे पोहे मुलगा करतो, आणि काकू त्यांची वाट न बघता सव्वाआठला भाकरी-दूध खाऊन घेतात. पोहे अजून जरा कोरडे होतात म्हणे.

राहिला कॅरम. आमचा चौघांचा अड्डा जुना आहे. खेळताना कोण जिन्यावर थांबून वर आला, कोण दोनदा लघवीला उठला, कोणाचा पट्टा एक भोक आत गेला, हे आपोआप दिसतं. एकटं राहणाऱ्याचं असं बघणारं कोणी नसतं, आणि मला मित्रांची खरी किंमत तिथे वाटते. तुमच्या अड्ड्यातला एखादा वर येताना धापा टाकत असेल, तर त्याच्या पोटावरून विनोद करण्याआधी "हे कधीपासून?" एवढं विचारा. आमच्यातल्या एकाला मी असंच विचारलं आणि सोमवारी ईसीजी काढायला लावला. सध्या तो एका गोळीवर आहे आणि क्वीन अजूनही तोच घेतो.

सिनेमा आम्ही घरीच लावतो आणि मध्यंतर स्वतः घेतो. तासाभराने सगळे उठतात, गॅलरीत चक्कर मारतात, पाणी पितात. सलग तीन तास पाय लोंबकळत ठेवले की आमच्या वयात पावलं सुजतात. परवा सिनेमा संपला तेव्हा दहा वाजून गेले होते. एकजण म्हणाला, "अजून एक डाव होऊन जाऊ दे." तोवर मी बोर्ड कपाटामागे सरकवला होता.