सराय समजायची तर कोठार पाहावे

इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी इन, म्हणजे वाटसरूंची सराय, पाहायला गेलेला माणूस बहुधा दर्शनी भिंतीवरच खूश होतो. पांढरा गिलावा, काळ्या लाकडांची नक्षी, रस्त्यावर पुढे आलेला मजला. मला मात्र या इमारती उमगल्या त्या कोठारांमुळे. इन आणि कोठार ही एकाच सुतारकामाची दोन रूपे आहेत, आणि त्यातले मूळ रूप कोठारातच निखळ दिसते, असे माझे मत आहे.

ऑक्सफर्डशायरमधले ग्रेट कॉक्सवेलचे कोठार घ्या. ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी ते १२९२च्या सुमारास बांधले. लांबी १५२ फूट, रुंदी ४४, आढ्यापर्यंतची उंची ४८. दगडी फरशांच्या छपराचा बराचसा भार ओकच्या खांबांच्या दोन रांगा पेलतात. खांबांखाली माणसाहून उंच दगडी चौथरे आहेत, त्यामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांब, तुळई, तिरपे धिरे, वर वासे: खणामागून खण तेच. लपवाछपवी कुठेच नाही, कारण धान्यासमोर कोण मिरवणार?

आता सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिपची जॉर्ज इन. हीदेखील मठाचीच, हिंटनच्या कार्थुशियन साधूंची, चौदाव्या-पंधराव्या शतकातली. तळमजला दगडी, वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, रस्त्याकडे पुढे काढलेले. गावच्या जत्रेत लोकरीचा व्यापार चाले आणि माळ्यावर लोकर साठवली जाई. म्हणजे एकाच छपराखाली सराय आणि वखार. सराय माणसांची नि कोठार मालाचे, त्यांची तुलना कशी, या आक्षेपाला ही इमारतच उत्तर देते.

आक्षेपात थोडे तथ्य आहे. ग्लॉस्टरच्या न्यू इनमध्ये (साधारण १४५०) अंगणाभोवती लाकडी सज्जे आहेत, त्यामुळे खोलीत जायला दुसऱ्याच्या खोलीतून वाट काढावी लागत नाही. ही सोय सरायांची स्वतःची, कोठारांकडून आलेली नव्हे. पण सज्ज्यांमागे पुन्हा तेच खण, तेच खाचा-खुंट्यांचे सांधे.

दुसरे म्हणणे दारूच्या गुत्त्यावर हमखास ऐकू येते: ही लाकडे मोडीत काढलेल्या जहाजांची! पुरावा काय, तर तुळईतल्या रिकाम्या खाचा आणि वाकडेपणा. मला हे पटत नाही. रिकाम्या खाचा बहुधा जुन्या घरातून काढून पुन्हा वापरलेल्या लाकडाच्या असतात. वाकडेपणाचे कारण त्याहून साधे. सुतार ओक ओला असतानाच कापत, जमिनीवर सांगाडा जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सारे सुटे करून जागेवर उभारत. पुढे लाकूड वाळताना पिळवटे, सांधे आवळत आणि भिंती कलत. समुद्रापासून कित्येक कोस दूर असलेल्या गावात जहाज ओढून आणण्याची गरजच काय?

राहिला काळा-पांढरा थाट. तो जुनाच, असे कोणी म्हणेल. पण लाकडाला डांबरी काळा रंग फासण्याची हौस बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली आहे. त्याआधी ओक उघडाच राहून राखाडी पडे, नाहीतर गिलाव्यासकट त्यावर चुना फिरे. कोठारांच्या आतल्या लाकडांना हा रंग सहसा लागलाच नाही, म्हणून सरायीचे मूळ लाकूड कसे दिसत असेल याचा अंदाज मी तिथूनच बांधतो.